बिनआवाजाची गाडी

नाही नाही, बसा हो, गाडी येतेच आहे — त्या स्टुलावर नका, त्याचा एक पाय मी मुद्दाम सैल ठेवलाय, नको असलेल्या पाहुण्यांसाठी — ह्या टायरवर बसा. हां, असं. पँटकडे काय बघताय, पुसलाय तो. कधी पुसलाय ते विचारू नका. तर तुमचं म्हणणं असं, की इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की घेऊ नये, आणि कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, त्या म्हाताऱ्या मेकॅनिकला विचारा, त्याच्याकडे आहे. बरोबर? आणि वर असंही म्हणाला असेल, की जपून, म्हातारा चेष्टेखोर आहे. म्हणालाच असेल. त्याचं बोट अजून बरं झालेलं नाही म्हणून बोलतो तो तसं. बोटाचं सांगतो नंतर.

आधी तुमच्या गाडीचं ऐका. तुम्ही पाण्याच्या टाकीपाशी वळलात ना, तेव्हाच मला कळलं. इंजिनात टॅपेट वाजतोय. चेन सैल आहे. क्लच अर्धा दाबून चालवता, म्हणजे स्वभावाने घाबरट. आणि टाकीत पेट्रोल नाही — आहे? असेल तळाला घोटभर. रिकामी टाकी खड्ड्यात वेगळी वाजते, आपल्या डब्यासारखी. पन्नास वर्षं ह्या कानांवर संसार केलाय मी. शाळा चौथीपर्यंत, त्यातही एक वर्ष बाकावर उभा राहण्यात गेलं, पण गाडी नुसती गल्लीत शिरली की सांगायचो, कोण आलं, काय दुखतंय, आणि मालक बायकोशी भांडून आलाय का — भांडलेला माणूस गिअर वेगळा टाकतो. ही गाडी जुनीच घेतलीत ना तुम्ही? मीटर बघून? वा. किती पळालीय म्हणून दाखवलं? तो आकडा हसण्यासारखा आहे हो. मीटर ही जगातली सगळ्यात मोठी थाप. कशावरून म्हणजे — तो पेचकस दिसतो, खिळ्याला टांगलेला, बारका, लाल दांड्याचा? त्याने मी किती मीटर मागे फिरवलेत त्याला गणती नाही. लोक गाडी विकायच्या आदल्या दिवशी यायचे, दादा जरा तरुण करून द्या. म्हणून मी स्वतः आयुष्यात कधी मीटर बघत नाही. काटा पेट्रोलचा बघावा, बाकी इंजिनाला विचारावं. हे माझं तत्त्व. त्या तत्त्वानेच माझी — असो. ते राहू द्या.

तर घेण्याचा अनुभव. दुकानात गेलो. काच, गारवा, मध्ये गाड्या उभ्या, आणि एक पोरगी, शिकलेली, नम्र, मला म्हणाली, काका, बसून बघा. बसलो. पायाने किक शोधतोय, किक नाही. म्हटलं चालू कर. म्हणाली, चालूच आहे काका. मी कान खाली नेला, इंजिन असतं तिथे. काही नाही. म्हटलं, पोरी, मी म्हातारा आहे, मूर्ख नाही, चालू कर. म्हणाली, काका, खरंच चालू आहे. म्हटलं हो का, आणि तिला खोटं पाडायला म्हणून मूठ पिळली — तो थेट काचेच्या दारापाशी. दार शाबूत राहिलं, एका हाताचं अंतर होतं. पोरगी पांढरीफटक. मी म्हटलं, आहे बरं का चालू. हसताय तुम्ही, पण तुमचंही हेच होणार. आणि दुसरं, डावा हात. आपला डावा हात जन्माचा क्लचवाला, आणि हिच्यात तिथे असतो ब्रेक. पहिल्या दिवशी चौकात गिअर बदलायला म्हणून सवयीने कच्चकन दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मी एकटाच पुढे निघालो. टाकीच नाही ना धरायला गुडघ्यात. मागच्या भाजीवाल्याने विचारलं, लागलं का? मी म्हटलं, नाही, मला इथेच उतरायचं होतं.

पण मजा — मजा सांगू? आवाज नाही हीच मजा. त्या बोळाच्या तोंडाशी एक कुत्रं आहे, तांबडं, ते गेली सहा वर्षं येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे धावतं, ती त्याची नोकरीच आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्या नाकासमोरून गेलो. त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पंपाशी पोचलो होतो. ते उभं राहिलं, दोनदा भुंकलं, पण मनापासून नाही, आणि मग असं इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. आता मी आलो की ते मान फिरवून झोपल्याचं सोंग करतं. आणि शिंपी — तो बसतो दुकानाच्या पायरीवर काज करत. मी मागून गेलो, अगदी त्याच्या कानाशी थांबलो आणि हळूच म्हटलं, माझी पँट झाली का. सुई इथून शिरली, इथून निघाली. आठ दिवस बोलला नाही. टपालवाल्याने पत्रं उधळली. पलीकडच्या निवृत्त हेडमास्तरांना तर मी — नको, त्यांची तब्येत बरी नसते. तर सांगायचं म्हणजे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला असं खेळणं मिळालं, राव, की सकाळी उठल्याबरोबर वाटायचं, आज कोण.

हं? गाडी कुठेय? धुवायला दिलीय. येईल. चारला येते. आता — किती झाले? सव्वापाच. तुमचं घड्याळ पुढे आहे. नाही? माझंही तेच सांगतंय म्हणा. येते म्हणजे काय, धुऊन येते. रोज? रोज म्हणालो मी? रोज कोण धुतं गाडी. चहा घेता? घर मागेच आहे, पण चहा करणारी घरात नाही, म्हणजे तुम्ही हो म्हणालात तरी नाहीच आहे, पण विचारलेलं बरं.

ठीक आहे, तोटे सांगतो. तोटा एकच. बॅटरी. कंपनी म्हणते शंभर किलोमीटर, ते सोडा, तेवढं तर त्यांची गाडी त्यांच्या कागदावरच पळते. ऐंशी-पंच्याऐंशी धरा. पण माझ्या गाडीचं वेगळंच. दुपारी एकला, जेवायच्या आधी, मी बघायचो — ऐंशी टक्के. जेवलो, आडवा झालो, साडेचारला उठलो, चूळ भरली, बघतो तर चोपन्न. उभ्या उभ्या. सावलीत. कुलूप लावून. अहो, पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या सव्वीस टक्के प्यायली तर आपण टाकीला भोक शोधू. मी रोज बघितलं, रोज तेच. पंचवीस, सव्वीस, कधी सत्तावीस. मला इतका आनंद झाला —

आनंद का? बरोबर विचारलंत. घाबरट आहात पण ऐकता नीट. त्याचं असं आहे. ही गाडी मी हौसेने घेतलेली नाही. खोड काढायला घेतली. आमचे चिरंजीव — ह्याच फरशीवर रांगलाय तो, नट दिसला की तोंडात, त्याच्या आईचा अर्धा जन्म त्याच्या गालातून बोट फिरवण्यात गेला — मोठा झाला, शिकला, आणि एक दिवस इथेच, तुम्ही बसलात त्या टायरवर बसून म्हणाला, बाबा, पुढे बॅटरीच्या गाड्याच येणार, आपण गॅरेज बदलू या. मी म्हटलं, खेळण्यांचं दुकान काढायचंय का तुला, काढ. तर काढलं की त्याने. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे. तो आणि सूनबाई, दोघं मिळून, गाड्या विकतात, दुरुस्त करतात. आता उघडायच्या दिवशी बापाने जायला नको? गेलो मी. जाताना पाच लिटरचा कॅन नेला, पेट्रोलने भरून. दुकानासमोर फुटपाथवर तोच हा सैल पायाचा स्टूल मांडला, त्यावर कॅन ठेवला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं — माझं अक्षर बघा त्या भिंतीवर, कोंबडीचे पाय, पण दुरून दिसतं — "चार्जिंग संपल्यास इथे भेटा." लोक हसले, राव. काय हसले. रस्त्याने जाणारे थांबून हसले. त्याचं पहिलं गिऱ्हाईक आत होतं, एक शाळेतल्या बाई, त्याही बाहेर येऊन हसल्या, आणि हसत हसतच घरी गेल्या.

मग तो बाहेर आला. मला वाटलं आता ओरडेल. मी तयार होतो, उत्तर काढून ठेवलं होतं. त्याने कॅन उचलला, माझ्या हातात दिला, आणि म्हणाला, बाबा, घरी जा. एवढंच. तीन शब्द. तुम्हाला सांगतो, इंजिन धूर टाकतं, खडखडतं, फटाके काढतं, त्या सगळ्याला औषध आहे. पण कधी कधी एक आवाज येतो, अगदी बारीक, वरवर काही नाही वाटत, आणि आपल्याला कळतं की आत काहीतरी तुटलंय. तसा होता तो.

दोन वर्षं झाली. सव्वादोन. तर म्हटलं, आपण दुसऱ्याच दुकानातून तसलीच एक गाडी घ्यायची, तिचे दोष काढायचे, चांगले ठणठणीत, आणि सिद्ध करायचं. मग ही बॅटरी सापडली. मी गल्लीभर सांगत सुटलो, उभ्या उभ्या संपते, उभ्या उभ्या संपते. शिंप्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, हिलाही सांगितलं — आमच्या हिला हो, घरच्या. ती भांडी घासत होती. म्हणाली, अगंबाई, हो का. तशीच घासत राहिली. आता आठवतं, पाठमोरी होती. खांदे हलत होते.

तीनदा गेलो मी त्या दुकानात तक्रार घेऊन. पहिल्यांदा पोरगी म्हणाली, काका, चार्जर बदलून देते. दुसऱ्यांदा म्हणाली, बॅटरी तपासली, बॅटरी उत्तम आहे. तिसऱ्यांदा मी तिच्या टेबलावर मूठ आपटली, तेव्हा तिने गाडीला वायर लावली आणि कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. त्यात नकाशा. ह्या गाड्यांमध्ये ते असतं बरं का, गाडी कुठे गेली, किती वाजता, सगळं लिहिलेलं असतं, तुम्ही घेणार असाल तर लक्षात ठेवा, आणि घरी सांगू नका. म्हणाली, काका, उभी कुठे, रोज पळते की. दीडला निघते. अकरा किलोमीटर जाते. दीड तास थांबते. अकरा किलोमीटर परत. मीटरवर पण आहे ना काका, तुम्ही मीटर बघत नाही? — तेव्हा मला तो पेचकस आठवला. लाल दांड्याचा.

मी नकाशावर बोट ठेवून गेलो. आमचा बोळ, पाण्याची टाकी, मोठा रस्ता, पूल. पुलापलीकडे एक ठिपका. पोरगी म्हणाली, इथे कुणाकडे जाता काका रोज? मी म्हटलं, दातांचा डॉक्टर आहे. आता काय सांगणार? तेव्हापासून ती दिसली की विचारते, काका, दात कसे आहेत. दोनच उरलेत, आणि दोघांचंही पटत नाही.

नाही, धुवायला नाही दिलेली. कळलं ना तुम्हाला, मग कशाला परत परत म्हाताऱ्याला बोलायला लावता.

दुसऱ्या दिवशी जेवलो, आडवा झालो, आणि घोरायला लागलो. खोटं. एक डोळा किंचित उघडा. आमची ही आली, दारातून वाकून ऐकलं, मग आत गेली, आणि कपाटामागून काय काढलं? हेल्मेट. नवं कोरं, माझ्यापेक्षा चांगलं. पदर खोचला, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली, ताठ बसली — अशी ताठ की हेडमास्तर काय बसतील — आणि गेली. आवाज नाही. अहो, एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई मला न कळता फाटकाबाहेर गेलेली नाही. फाटक करकरायचं, चप्पल वाजायची, रिक्षा थांबायची. मी झोपेत सांगायचो, पिशवी घेतलीस का. आणि आता ती गेली आणि मला कळलं ते नुसतं डोळ्याने. बोळाच्या तोंडाशी रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी तिने वळायच्या आधी इंडिकेटर दिला. उजवा. मग नीट थांबून दोन्हीकडे बघितलं. मी तिला असं पाठमोरं जाताना कधी बघितलंच नव्हतं हो. चांगली चालवते. माझ्यापेक्षा चांगली, माझ्यासारखं मध्येच थांबून पुढे नाही निघत.

तेव्हापासून तीन आठवडे मी रोज खोटं घोरतोय. ती माझं घोरणं सुरू होईपर्यंत निघत नाही ना. खोळंबून राहते दारात. मग मलाच वाटतं, जाऊ दे बिचारीला, उशीर होतो, म्हणून जेवल्या जेवल्या सुरू करतो. खरी झोप तीन आठवड्यांत नाही. हे डोळे बघा. ती गेली की उठून बसतो, चार वाजत आले की पुन्हा आडवा, पुन्हा घोरणं. माझ्याच घरात मी झोपलेल्या माणसाची नोकरी करतोय.

विचारावं सरळ — असं तुम्ही म्हणणार. तोंडावर आलंय तुमच्या. काय विचारू? कुठे जातेस? ते ठाऊक आहे. का जातेस? — थांबा, चष्मा कुठे ठेवला मी, हा खिसा, नाही, ह्या — ते? ते काही नाही. फडकं आहे. प्लग पुसायचं फडकं. द्या इकडे. असू दे पांढरं, नवीन आहे. अहो द्या म्हटलं ना, तेलकट हात लावू नका त्याला.

मोजा आहे. बरं? मोजा आहे. गाडीच्या सीटखालच्या डिकीत सापडला, मागच्या सोमवारी. बघा ना, माझा अंगठासुद्धा नीट जात नाही. नऊ महिन्यांचा पाय असा असतो, बघितलाय मी, ह्याच फरशीवर बघितलाय, पण विसरायला होतं. ह्या टाचेला भोक पडलंय बघा, म्हणजे रांगायला लागली. मुलगी आहे. मला कुणी सांगितलं नाही, शिंप्याकडे आमच्या हिने फ्रॉक शिवायला टाकले, तो म्हणाला, आजोबा, रंग कुठला हवा. अठ्ठावीस टक्के गेले होते एक दिवस, त्या दिवशी मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून गेली असेल, औषधाच्या दुकानाकडून. ताप असेल. मला ते बॅटरीवरून कळतं. बॅटरीवरून, राव. दुसऱ्याची नात नाही ती.

तर सरळ विचारणं आपल्याला येत नाही, आपल्याला येते ती खोडी. म्हणून केली. काल संध्याकाळी मी गाडी काढली आणि पाण्याच्या टाकीला फेऱ्या मारायला लागलो. बॅटरी उतरवायला. चाळीस, बेचाळीस, किती मारल्या देव जाणे, शिंपी म्हणाला म्हातारा गेला कामातून, तांबडं कुत्रं तर पाचव्या फेरीला उठून दुसरीकडेच राहायला गेलं. सतरा टक्क्यांवर आणली. घरी येऊन चार्जर लावला, प्लग भिंतीत तसाच, वायर गाडीला तशीच, फक्त बटण — हे इथलं, हे वरचं — बंद. कळलं? अकरा किलोमीटरला तेरा टक्के लागतात. जायला पुरणार. यायला नाही. म्हणजे तिकडे अडकणार, मग फोन करणार, कुणाला करणार? मला. अहो, गाडी बंद पडली, घ्यायला या. मग मी म्हणणार, कुठे आहेस? ती सांगणार. सांगावंच लागेल. मग मी म्हणणार, अरेच्चा, तिथे? बरं, येतो, आता काय करणार. मी आपण होऊन गेलो असं नाही, गाडी बंद पडली म्हणून गेलो, मेकॅनिक माणूस, जायलाच हवं. कॅन हातात देऊन घालवून दिलेला माणूस बिनबोलावता कसा जाणार हो? त्याला कारण लागतं. मी हे तीन आठवडे डोक्यात घोळवलंय. ह्याच्यात एक नट सैल नाही.

म्हणून हा फोन असा मांडीवर घेऊन बसलोय. दीडला गेली. चारला यायची, म्हणजे सव्वाचारपर्यंत फोन यायचा. आता साडेपाच. मध्येच पुलावर बंद पडली असेल का? पुलाला चढ आहे, चढाचे टक्के मी धरले नव्हते. ती काय, ढकलत नेईल, कुणाला हात दाखवायची नाही. चौसष्ट वर्षांची बाई, आणि मी तिची बॅटरी — तुम्ही येताना पुलावरून आलात? निळं लुगडं, पांढरं हेल्मेट? नाही ना दिसली. बरं. बरं झालं.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

मुलाचं दुकान कसलं आहे — म्हणजे कसलं, सांगितलं की, ह्याच गाड्यांचं. बॅटरीच्या. हो. चार्जर असतीलच. भिंतीला ओळीने सहा आहेत, उघडायच्या दिवशीच बघितले मी —

हं.

म्हणजे ही गाडी घेऊन ती गावात जिथे कुठे अडकू शकली असती, त्यातली एकच जागा अशी, की जिथे अडकताच येत नाही. आणि मी नेमकी ती निवडली. पन्नास वर्षं टाकी, नळी, पेट्रोल संपलं की माणूस संपला — डोक्यात तेच बसलंय. हसा. हसा हो, मीपण हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर पुढचे चार महिने हसलो असतो. शिंप्याला सांगायचं नाही हे, बरं का. बोटाची शपथ. मग ती गेली तिथे, वायर लावली, झालं. पण मग उशीर का? अं? आता तर चारला यायला काहीच अडचण नव्हती. सतरा आकडा दिसला असेल तिला निघतानाच. ती मीटर बघते, ती काय माझ्यासारखी — दिसला असेल, कळलं असेल, हे कुणाचं काम. आणि रागावली असेल. येणारच नाही म्हणाली असेल. त्याला पण सांगितलं असेल, बघ, तुझ्या बापाने आता माझीही — मी असं मनात आणलं नव्हतं हो. मला फक्त फोन यायला हवा होता.

थांबा. वाजतोय. नाही, तुमचा नाही, माझाच. तिचाच नंबर. बसा बसा, उठू नका, एकदम गप्प.

हॅलो. हं, बोल, कुठे अडकलीस —

हं.

हं, ऐकतोय. ऐकू येतंय, नीट ऐकू येतंय, तू बोल.

हो, बटण मीच. हो. बरं. नाही आणत. नाही रे, म्हटलं ना नाही आणत, रिकामासुद्धा नाही. दे तिच्याकडे. — काय गं. काय शिट्टी? कसली शिट्टी? कधीपासून? — पहिल्याच दिवसापासून? आणि तरी रोज दारात उभी राहून ऐकायचीस? — हसू नकोस, हसू नकोस इतकं, मागे ती उठेल. उठलीय? ते कोण — तो आवाज तिचा आहे? फोन जरा तिकडे धर. तसा नाही, जवळ धर.

...

हं. ऐकलं. हो, आहे माझ्याकडे. खिशातच आहे. आणतो. ठेव.

मुलगा होता आधी. म्हणाला, बाबा, आईची गाडी चार्जिंगला लावलीय, पण आज सोडत नाही तिला, तुम्ही घ्यायला या. आणि येताना कॅन आणू नका. असं म्हणाला. कॅन आणू नका, आणि हसला. हसला तो, मी ऐकलं ना, कान अजून शाबूत आहेत माझे. आणि ही म्हणते, तुमच्या खऱ्या घोरण्यात दर तिसऱ्या श्वासाला शिट्टी असते, खोट्यात एकदाही नव्हती. एक्केचाळीस वर्षं ऐकतेय म्हणते, इंजिनं काय तुम्हालाच कळतात. आणि मोजा म्हणे तिनेच ठेवला होता डिकीत. आठ दिवस वाट बघतेय, म्हातारा कधी विचारतो. शेवटी म्हणाली, आता तो घेऊन या, एक पाय उघडा आहे पोरीचा.

उठा. उठा हो, बसलाय काय टायरवर, टायर काय अंडी घालणाराय? तुमची गाडी काढा. माझी नाही का तिकडे, मग मी कशाने जाऊ? अकरा किलोमीटर आहे, पुलापलीकडे, वाटेत पंपावर पेट्रोल भरू — टाकीत, फक्त टाकीत. थांबा, शटर ओढतो. हात धुतो. साबण कुठे गेला, हा काळा निघत नाही बोटांचा, निघत नाही, राहू दे. शर्ट असू दे असाच? असू दे ना? त्या पेचकसाकडे बघू नका, चला.

तुमचं विचारायचं राहिलंच की. गाडी घ्यावी की नाही. घ्या. दोष एकच आहे तिच्यात, घरातून कोण कुठे गेलं ते ऐकू येत नाही, विचारावं लागतं. ते जमत असेल तर घ्या.

किक मारा. पुन्हा मारा. ऐकलंत टॅपेट? आता तुम्ही पुढे बघा आणि क्लच सोडा पुरता, आणि वाटेत मला काही विचारू नका. मी बोलणार नाही आता.